डावी पाकळी

चिंतामणी बेहेरे खोटं बोलणारा माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत तो ड्राफ्ट्समन होता. तिथे कागदावरची रेघ सुताएवढी हलली तर पुढचा सगळा माल भंगारात जातो. आठवड्याचे सहा दिवस हा गृहस्थ सुताने मोजून जगायचा. सातव्या दिवशी मात्र त्याच्या अंगात यायचं. रविवारी पहाटे छत्री, घडीचं स्टूल आणि रंगांची पेटी घेऊन स्वारी बदलापूरला उतरायची आणि बारवी नदीच्या अंगाने डोंगराकडे चालायला लागायची. कॅनव्हास परवडत नसे. उल्हासनगरच्या कॅम्पात लष्कराने मागे टाकलेल्या तंबूंचं कापड एका सिंधी दुकानदाराकडे मिळायचं, त्यावर खळ चढवून तो भागवायचा.

या वेडाचं मूळ एका पुस्तकात होतं. मुंबईच्या फुटपाथवर मिळालेलं, फ्रेंच चित्रकारांच्या रंगीत चित्रांचं. हे लोक म्हणे घरात बसून चित्र काढत नसत. उन्हात बसायचं, समोर त्या घटकेला जे दिसतं ते भराभर रंगाच्या ठिपक्यांनी उतरवायचं, आणि उठायचं. त्यातलं एक चित्र चिंतामणीला तोंडपाठ होतं: वाळलेल्या गवताचा उतार आणि त्यात खसखशीची लाल फुलं.

"हे फूल म्हणजे नुसतं फूल नाही, कुमुद," तो बायकोला सांगायचा. "हा निसटून गेलेला क्षण आहे. आत्ता होता, आत्ता नाही. लाल रंग खाली गवतात पडला की अख्खं चित्र बोलायला लागतं."

"आमच्याकडे खसखस सारणात घालतात," कुमुदिनी म्हणायची आणि तांदूळ निवडत राहायची. ती राजापूरकडची. नवरा पुण्याचा, शनिवार पेठेच्या बाहेर न वाढलेला. तिला त्याच्या शहाणपणाचं कौतुक होतं, पण भीती वाटावी इतकं नव्हतं.

चोपन्न साली चिंतामणीने कोंडवाडी धरली. डोंगराच्या पायथ्याशी बारा-पंधरा कुडाची घरं, पुढ्यात भाताची खाचरं, मग एक ओहोळ. ओहोळाच्या काठाला ऐनाच्या झाडाखाली वाडीचा देव रानोबा. छातीएवढ्या उंचीचा काळा उभा दगड, शेंदूरसुद्धा नाही. चिंतामणी ओहोळाच्या अलीकडे छत्री रोवून बसायचा. वाडीने त्याला 'छत्रीवाला सायेब' म्हणून खपवून घेतलं होतं. पण बोलायची ती एकटी नवसी. पन्नाशीची विधवा, वाडीच्या टोकाच्या घरात एकटी राहणारी, जिभेला हाड नसलेली. ती त्याला तांब्याभर पाणी आणून द्यायची आणि चित्रात डोकावायची. एकदा त्याने तिला चित्रात घेतलं, निळ्या रंगाच्या तीन फटकाऱ्यांत.

"ही मी?"

"हो, मावशी."

"मग माजं त्वांड कुठाय?"

"इतक्या लांबून तोंड दिसत नाही. दिसतं तेवढंच काढायचं, असा नियम आहे."

"मंग जवल ये की मेल्या!" असं म्हणून नवसी पोट धरून हसली होती. चिंतामणीलाही हसू आलं. घरी येऊन त्याने ते कुमुदिनीला दोनदा सांगितलं.

आश्विनातल्या एका रविवारी तो गेला तर सगळी वाडी रानोबापाशी जमलेली. सुकऱ्या भगताने लाल कर्दळीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवल्या आणि दगडाच्या दोन बाजूंना चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग सगळे खाली बसले. नवसी तेवढी एकटी, दगडासमोर, उन्हात उभी. बिचाऱ्या चिंतामणीला वाटलं, काहीतरी पूजा आहे आणि आज मावशींचा मान आहे. त्याने घाईघाईने पेटी उघडली. काय प्रकाश होता! पिवळं पडत आलेलं भात, काळा दगड, त्यावर दोन लाल ठिणग्या, आणि निळ्या लुगड्यातली बाई. सांज होईपर्यंत माणसं जागची हलली नाहीत आणि पाकळ्याही हलल्या नाहीत. शेवटी सुकऱ्या उठला, काहीतरी बोलला, माणसं कुरकुरत घरोघर गेली, मागून सुकऱ्याही गेला. नवसी उभी होती तिथेच मटकन खाली बसली. चिंतामणीने सामान आवरलं. त्या रात्री परतीचा पाऊस झाला आणि दगड धुऊन निघाला.

चित्र झकास उतरलं होतं, पण खालचा कोपरा मेलेला होता. आठवडाभर चिंतामणी त्याच्यापुढे उभा राहून मिशी चावत होता. शनिवारी संध्याकाळी त्याला एकदम सुचलं. त्याने सुरीने दगडावरची डावी पाकळी खरवडली, तिथे काळा भरला, आणि दगडाखालच्या गवतात लाल रंगाचा एक जाड ठिपका ठेवला. झालं! गळून पडलेलं फूल. क्षण निसटला. चित्र बोलायला लागलं. खुशीत त्याने त्या दिवशी दोनदा चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, चित्र व्हरांड्यात वाळत असताना कोंडवाडीचा वाळू मोळी घेऊन आला. क्वार्टर्समध्ये लाकूडफाटा तोच आणायचा. त्याने मोळी टाकली, घाम पुसला आणि चित्र बघून तिथेच थबकला.

"हा आमचा रानोबा," तो म्हणाला.

"ओळखलंस!" चिंतामणीचा जीव सुपाएवढा झाला. साहेब लोकांना त्याच्या चित्रात नुसता चिखल दिसायचा आणि या गड्याने बघताक्षणी ओळखलं होतं.

"गेल्या आयतवारचा?"

"त्याच दिवसाचा."

वाळू पुढे झाला. बोट चित्राला न लावता त्याने गवतातला लाल ठिपका दाखवला. "ह्या काय?"

"फूल. दगडावरचं, गळून पडलेलं."

"ह्या आमी गेल्यावर तुमी सोता बगून काढलाव?"

आता इथे चिंतामणीने खरं सांगायला हवं होतं. पण खरं सांगायचं म्हणजे, कोपरा मेला होता म्हणून मी लबाडी केली, असं एका मोळीविक्याजवळ कबूल करायचं. पुस्तकातलं वाक्य जिभेवर तयारच होतं.

"अरे, आमचा धर्मच तो. डोळ्यांना दिसलं तेच काढायचं. त्याच्या बाहेर एक ठिपकासुद्धा नाही."

वाळूने मान डोलावली. चहा ठेवला होता, तो तसाच ठेवून तो पायऱ्या उतरला. जाताना स्वतःशीच पुटपुटला, "डावी पडली. डावी." मग तो पळायला लागला.

कुमुदिनी दारात आली होती. तिने ते ऐकलं. तिने चित्राकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"त्या दिवशी त्या दगडाला पाकळ्या लावल्या होत्या?"

"हो. दोन."

"अहो, कौल लावला होता तो! आमच्या गावी लावतात. देवाला प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. खरंच डावी पडली होती का?"

"छे. दोन्ही होत्या जागेवर. मी ती... चित्रासाठी..."

"समोर कोण उभं होतं?"

"नवसी. का गं?"

कुमुदिनीने दाराची चौकट धरली. वाळूची दोन मुलं पंधरा दिवसांत गोवराने गेली, हे तिला ठाऊक होतं. गेल्या खेपेला तो याच पायरीवर बसून रडला होता आणि म्हणाला होता, बाय, पोरं कुनीतरी खाल्ली. "त्यांनी देवाला विचारलंय, ती बाई भुताळी, चेटकीण आहे का म्हणून," ती म्हणाली. "देवाने उत्तर दिलं नाही. आणि तुम्ही दिलंत."

चिंतामणी चपला शोधायला लागला. कुमुदिनी म्हणाली, "चित्र इथेच राहू द्या. आधी पोलीस पाटलाला गाठा, मग वाडीत जा." पण पाटलाचं गाव दोन मैल आडबाजूला होतं, आणि चिंतामणीला वाटलं, चित्र जवळून दाखवलं की आंधळ्यालाही कळेल, हे नुसते रंगाचे डाग आहेत. शिकलेल्या माणसाला आपल्या अकलेचा जितका भरवसा असतो तितका अडाण्याला देवाचाही नसतो. ओलं चित्र काखेत धरून तो स्टेशनकडे धावला.

वाळूला लगेच गाडी मिळाली होती; चिंतामणीला पुढची मिळाली ती तासाभराने. बदलापूरपासून चार मैल चिंतामणी पळत, धापा टाकत, ठेचकाळत गेला. वाडी दिसायच्या आधीच आवाज आला. ओल्या कपड्यावर धोपाटणं मारावं तसा, थांबून थांबून.

नवसीला ऐनाच्या झाडाला बांधलं होतं. लुगडं कमरेपर्यंत फाटलेलं, पाठीवर कातडं कुठे आहे आणि रक्त कुठे आहे हे कळत नव्हतं. चार गडी बांबूने मारत होते. घाई नाही, आरडाओरडा नाही, भात झोडपतात तशी पाळी लावून. वाळूची बायको आवडी नवसीचे केस मुठीत धरून तिचं डोकं मागे खेचत होती आणि एकच विचारत होती, "माजा धाकला कुठं ठेवलास? बोल, कुठं ठेवलास?" या आवडीच्या दोन्ही बाळंतपणांत नवसीनेच तिचे पाय धरले होते. आज ते कोणाला आठवत नव्हतं.

"दात पाडा हिचं," वाळू म्हणाला. "मंतर म्हनायला त्वांड ठेवू नका." आणि त्याने स्वतःच धोंडा उचलला आणि दोनदा मारला. नवसीच्या तोंडातून आवाज आला तो माणसाचा वाटला नाही. हनुवटीवरून रक्ताची धार लागली आणि त्यात दोन दात खाली आले.

"थांबा!" चिंतामणी ओहोळातून धडपडत आला. "पाकळी पडली नव्हती! मी मनाने काढलंय ते!"

वाळू वळला. त्याच्या हातातला धोंडा लाल झाला होता. "सकाली काय बोललाव? दिसलं तेच काढलं. त्याच्या भायेर ठिपका नाय."

"ते मी खोटं बोललो!"

"आन आता खरं बोलताव, ह्या कशावरनं?"

चिंतामणीने चित्र पुढे केलं, एकेकाच्या नाकाला लावलं. "बघा, जवळून बघा! हे फूल आहे का? हा नुसता रंग आहे, गोळा आहे रंगाचा!" माणसांनी बघितलं. जवळून खरोखरच तो गोळा होता. दोघा गड्यांचे बांबू खाली आले. एक क्षण चिंतामणीला वाटलं, जमलं. तेवढ्यात आवडी नवसीचे केस सोडून चार पावलं मागे गेली आणि तिथून तिने चित्राकडे पाहिलं. त्या फ्रेंच लोकांची चित्रं लांबूनच बघायची असतात, हे चिंतामणीने कुमुदिनीला शंभरदा सांगितलं होतं. आवडीला कोणी सांगितलं नव्हतं.

"फूल हाय!" ती किंचाळली. "आयो, फूलच हाय! डावीकडचं!"

आणि मग सगळेच मागे सरकले आणि सगळ्यांना फूल दिसलं. काळा दगड, उजवी पाकळी जागेवर, डावी गवतात. चित्र इतकं चांगलं होतं की त्यापुढे चित्रकाराचं कोण ऐकणार? चिंतामणी ते फाडायला गेला. तंबूचं कापड, ते काय हाताने फाटतंय! वाळूने ते हिसकून रानोबाच्या पायाशी ठेवलं. कोणीतरी त्याला पाया पडलंसुद्धा.

सुकऱ्या भगत बाजूला उभा होता. चिंतामणीने त्याचे दंड धरले. "भगत, सगळे गेल्यावर दगडापासून शेवटी तुम्ही निघालात! सांगा ना यांना, दोन्ही पाकळ्या होत्या!"

सुकऱ्याने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. त्याला सगळं ठाऊक होतं. पण नवसीने त्याला कोंबडं देऊन गप्प केलं, असं वाळू सकाळपासून ओरडत होता, आणि देवाने दिलेलं उत्तर दडवणाऱ्या भगताला दुसरं झाड शोधावं लागलं नसतं. म्हातारा शेपूट घालून उभा राहिला.

मार पुन्हा सुरू झाला. आणि चिंतामणी काय करत होता? तर बोलत होता. चित्राचा खालचा कोपरा कसा रिकामा होता, तोल कसा साधावा लागतो, लाल रंगाने नजर खाली कशी येते, सगळं पोटतिडकीने, हात जोडून, रडत. बाईचा जीव जातोय आणि हा गृहस्थ तोल समजावतोय! पण त्याच्याजवळ दुसरं काय होतं? खरं तेवढंच होतं, आणि तो ते ओरडून सांगत होता. त्याच्या प्रत्येक वाक्याला एक बांबू पडत होता. नवसी आता ओरडतही नव्हती. नुसते खांदे हलायचे.

वाळूने कोयता मागितला. तेव्हा चिंतामणीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या लोकांना पटेल असं एकच उत्तर होतं, आणि ते खरं नव्हतं.

"मी पाडली!" तो ओरडला. "डावी पाकळी मी पाडली!"

कोयता घेऊन येणारा गडी थांबला.

"तुम्ही सगळे गेल्यावर मी ओहोळ ओलांडून आलो. पायात चपला होत्या. मला गवतात लाल हवं होतं. मी देवाच्या अंगावरची पाकळी काढली आणि खाली टाकली, आणि मग चित्र काढलं. दिसलं तेच काढलं. पण पाडली मी. या हाताने."

त्याने उजवा हात वर केला. हे मात्र कोणालाही समजण्यासारखं होतं. बाहेरचा माणूस, चपला, देवाला हात. यात कोपरा नव्हता, तोल नव्हता.

सगळ्यात आधी सुकऱ्याला कंठ फुटला. बुडत्याला काडी मिळाली होती. "तरी मी म्हनत होतो! सांजपातुर दोनी पाकल्या होत्या! देव बोललाच नवता! या सायबानं कौल बाटवला!"

पुढचं फार लवकर झालं. ज्या बांबूंनी नवसीला मारलं तेच वळले. पहिला घाव चिंतामणीच्या गुडघ्यावर बसला, दुसरा कानावर. तो पडल्यावर दोघे त्याच्या छातीवर बसले. तिसऱ्याने त्याचा उजवा हात रानोबाच्या पायथ्याच्या शिळेवर पसरला, बोटं एकेक करून सरळ केली. चिंतामणीने हात ओढला नाही असं नाही. त्याने जिवाच्या आकांताने ओढला, तो ओरडला, त्याने कुमुदिनीला हाक मारली. वाळूने धोंडा दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि खाली आणला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा आणला तेव्हा बोटं बोटांसारखी राहिली नव्हती.

चौथ्यांदा उचललेला धोंडा वाळूने तसाच धरून ठेवला. त्याने झाडाला लोंबकळणाऱ्या नवसीकडे पाहिलं, आवडीकडे पाहिलं, आणि धोंडा बाजूला टाकून तो मातीत बसला.

"मंग माजी पोरं कुनी खाल्ली?" तो म्हणाला. "सांगा ना कुनीतरी. कुनी खाल्ली?"

आवडीने पदर तोंडात कोंबला. एकेक करून माणसं निघून गेली. बांबू तिथेच पडले होते.

दोर सोडला तो सुकऱ्याने. नवसी त्याच्या अंगावर पोतं पडावं तशी पडली. वाडीतल्या जनूची बैलगाडी होती, तीत पेंढा टाकून तिला ठेवलं. चिंतामणी स्वतः चढला, डावा हात आणि एक गुडघा टेकून. उजवा हात त्याने सदऱ्यात गुंडाळला होता आणि सदरा केव्हाच भिजला होता. प्रत्येक धक्क्याला त्याच्या डोळ्यांपुढे काळोख यायचा. तरी त्याने नवसीचं डोकं मांडीवर घेतलं. तिचं तोंड आता अगदी जवळून दिसत होतं, आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं.

अर्ध्या वाटेवर तिने डोळे उघडले.

"पाणी?" त्याने विचारलं.

तिने मानेनेच नको म्हटलं. काहीतरी सांगायचं होतं. दात नसलेल्या, फुटलेल्या ओठांतून शब्द धड येत नव्हते. त्याने कान खाली नेला.

"रातीला... मी बगली. पावसाच्या आदी," ती म्हणाली. "दोनी होत्या. डावी बी होती."

म्हणजे तो खोटं बोलला होता, हे तिला ठाऊक होतं. तिच्याकरता बोलला, हेही. त्याला वाटलं, मावशी आता आशीर्वाद देणार. माणूस असा वेडा असतो. मेल्या कोंबड्याला आगीचं भय नसतं, पण जिवंत माणसाला शाबासकीची हाव सुटत नाही.

नवसी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. खरोखर न समजलेली गोष्ट विचारावी तसं तिने विचारलं.

"मंग आदीच... का नाय बोललास रं?"

आल्या आल्या तो 'मी पाडली' असं बोलला असता, तरी तिचे दात गेलेलेच असते, पाठ फाटलेलीच असती, पण ती बसून त्याला शिव्या देत असती. पण तेव्हा त्याला खरं पटवून द्यायचं होतं. आपण चित्रकार आहोत हे समजावून सांगायचं होतं. ती वाट बघत होती, म्हणून तो म्हणाला, "चुकलं, मावशी. चुकलं माझं." ते तिने ऐकलं की नाही, कळलं नाही.

ऊन उतरलं. बदलापूरची घरं दिसायला लागली तेव्हा जनूने मागे वळून पाहिलं, थोडा वेळ पाहत राहिला, आणि कासरा ओढून बैल थांबवले. डोक्यावरचं मुंडासं काढून त्याने मांडीवर ठेवलं.

आपल्या मांडीवरचा भार बदलला होता, ते चिंतामणीला मघाशीच कळलं होतं. तो जनूकडे न बघता म्हणाला, "थांबू नकोस. हाक. दवाखाना जवळ आलाय, हाक."